मनातल्या मनात

सोमवार

पोचलो एकदाचे, उत्तरेकडच्या या थंड किनाऱ्यावर. घरमालकीणबाईंनी वरची खोली दिली आहे. दोन खाटा, एक टेबल, भिंतीतलं कपाट आणि समुद्राकडे उघडणारी खिडकी. खाटा लांब लांब होत्या. हिने पिशवी खाली ठेवायच्या आधीच त्या ओढून एकत्र केल्या आणि म्हणाली, "डावीकडची तुमची." घरी मी नेहमी उजवीकडे झोपतो. या वयात बाजू कशाला बदलायची, असं विचारलं तर नुसती हसली. चालतानाही हल्ली ती कायम माझ्या उजव्या हाताला असते. बाकी काही नाही, पण लग्नानंतर इतक्या वर्षांनी बायको अशी खेटून चालायला लागली की माणूस जरा बावरतो.

छापखान्यात लागलो तेव्हा मला मिसरूडही फुटलं नव्हतं. तेव्हापासून एवढी मोठी सुट्टी कधी घेतली नाही. या वेळी मालकांनीच दिली. गेल्या महिन्यात मोठ्या मशीनचं बेअरिंग गेलं, त्यापायी रोलर गेला आणि हातातलं काम अडून बसलं. बेअरिंग जाण्याआधी चांगलं किंचाळतं, शेपटीवर पाय पडलेल्या कुत्र्यासारखं. हे मात्र गुपचूप गेलं. बाइंडिंगमधले म्हणतात, सकाळपासून ओरडत होतं. नंतर काय, लोक काहीही म्हणतात. मशीनपाशी मी उभा होतो, ते नव्हते.

मालक रागावले नाहीत. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "जाऊन या कुठेतरी. आल्यावर बघू, मशीनवर कुणाला उभं करायचं ते." त्या 'बघू'चा मला घोर लागला आहे. मशीन काढून घेतलं तर मग मी कोण? गोदामात कागदाचे गठ्ठे रचणारा एक म्हातारा.

हिला घोर नाही. लेकीशी फोनवर गुलुगुलु बोलून सहल हिनेच ठरवली. लेक मलाही फोनवर बोलावते, पण हल्लीच्या फोनात आवाज पूर्वीसारखा येत नाही. मी दोनदा "बरं आहे, बरं आहे" म्हणतो आणि फोन हिच्या हातात देतो.

मंगळवार

सकाळी खिडकीपाशी बसून प्रार्थना केली. मी ती मनातल्या मनात करतो. गावच्या शाळेत गुरुजी सांगायचे, देवाच्या कानाशी ओरडायचं नसतं. तेव्हापासून माझे फक्त ओठ हलतात. आज गुडघ्याचं सांगितलं. म्हटलं, देवा, हिला कड्यावरून चालायची फार हौस आहे, आणि माझा गुडघा उतारावर दगा देतो. हिच्या देखत बसकण मारायची वेळ आणू नकोस.

खाली चहाला गेलो तर टेबलाला एक काठी टेकवून ठेवलेली. हिने घरमालकीणबाईंकडून माझ्यासाठी मागून घेतली होती! मी गुडघ्याचा शब्दही काढला नव्हता. बाईंनीही विचारलं, "गुडघा कसा आहे?" शेजारच्या खोलीतले नवरा-बायको माझ्याकडे बघून फार प्रेमाने हसले. इथली माणसं चांगली आहेत. फक्त बोलतात तोंडातल्या तोंडात. दर वाक्य हिला पुन्हा सांगावं लागतं.

एक गोष्ट कुणाला सांगितलेली नाही, इथे लिहितो. मशीनच्या खडखडाटात उभा राहून मी आयुष्यभर देवाकडे एकच मागत आलो, थोडी शांतता दे. गेली दोनेक वर्षं ती हळूहळू मिळते आहे. आधी बाहेरचा गोंगाट कमी झाला. मग माणसांच्या बडबडीचा त्रास वाटेनासा झाला. पहाटे पाखरं बोलतात त्याचीही आता आठवण होत नाही. मी काही मोठा साधक नाही. पण एवढी वर्षं बसलो ते वाया गेलं नाही, असं वाटतं.

बुधवार

ही म्हणाली, "शनिवारी इथल्या एका डॉक्टरांकडे जायचंय. तुम्ही सोबत चला." कुणासाठी, काय झालंय, विचारलं तर म्हणाली, "तिथे गेल्यावर कळेल." आणि पाठ करून कपड्यांच्या घड्या घालायला लागली. पाठमोरी काहीतरी बोललीही असेल.

म्हणजे हिला काहीतरी झालंय. म्हणून ही सहल, म्हणून हे खेटून चालणं. बेअरिंग-बिअरिंग सगळं क्षणात डोक्यातून गेलं. जेवण गेलं नाही.

गुरुवार, दुपारी

समुद्रात घुसलेल्या टोकावर एका दगडाला पाठ लावून लिहितो आहे. ही शेजारी पाव आणि उकडलेली अंडी काढते आहे. घाईने लिहितो, कारण आज पाहिलं ते ताजं असतानाच उतरवलं पाहिजे.

सकाळी प्रार्थनेत दुसरं काही मागितलं नाही. म्हटलं, देवा, मशीन ने, गुडघा ने, पण हिला हात लावू नकोस. माझ्यासारख्या घुम्या माणसाशी तिने संसार केला, मी तिला कधी 'तू मला आवडतेस' एवढंही नीट म्हणालो नाही, ते म्हणायला मला वेळ दे. डोळे उघडून वळलो तर ही खाटेवर उठून बसलेली, डोळे लालभडक. रात्री झोप झाली नसावी. म्हटलं, "राहू दे, आज नको जाऊ या." तर उठून आली, माझ्या डोक्यावरचे उरलेले चार केस विस्कटले आणि म्हणाली, "चला, उठा. आजच जायचं."

वाट दगडी कुंपणाच्या खिंडारातून सुरू होते आणि पिवळ्या फुलांच्या काटेरी झुडपांमधून कड्याच्या कडेकडेने जाते. ओहोटी होती. खाली खडकांतल्या डबक्यांमध्ये पाणी अडकलेलं, त्यात अंगठ्याच्या नखाएवढे खेकडे. लाल चोचींचे काळे-पांढरे पक्षी शिंपले फोडत होते. ही पूर्वी काही दाखवायचं तर लांबून हाका मारायची. हल्ली आधी दंडाला बोट टोचते आणि मग तोंडासमोर येऊन बोलते. आज टोचून टोचून दंड दुखवला.

एका वळणाखाली सील, ते समुद्रातले गुबगुबीत मिशाळ प्राणी, पसरले होते, ओल्या पोत्यांसारखे. घरमालकीणबाईंची दुर्बीण लावून पाहिलं. एकजण पोट खाजवत होता.

"तुमच्यासारखाच आहे," ही म्हणाली. "जेवला की आडवा."

"आणि शेजारची फटका मारतेय बघ त्याला."

"मग? कुणीतरी उठवायला नको?"

हसत हसत टोकाशी आलो. तिथे एक फाटक आहे आणि एक रखवालदार. त्याची मिशी एवढी दाट की शब्द तिच्यातच अडकत असावेत. मला एक अक्षर कळलं नाही. ही म्हणाली, "पुढे जमिनीवरच घरटी आहेत. मळलेली वाट सोडायची नाही. टोपी घाला, पक्षी डोक्यात चोच मारतात. आणि हळू बोला."

मग चढ संपला आणि ते दिसलं. सुरय म्हणतात त्यांना. पांढरे, काळ्या टोपीचे, शेपटी कात्रीसारखी दुभंगलेली. हजारो. गवतात, दगडांवर, हवेत, आमच्या डोक्यावर. दोन वितींवर एकेक घरटं, एकेका घरट्यात ठिपक्यांची अंडी. एक पक्षी सरळ माझ्या टोपीवर उतरून टोचून गेला. प्रत्येकाची चोच उघडत होती, मिटत होती, उघडत होती. आणि कुठेही आवाज नाही. एवढे जीव, एवढ्या दाटीत, आणि सगळे जणू मनातल्या मनात प्रार्थना करत होते. छापखान्यात उभं राहून जे मागितलं ते देवाने इथे आणून दाखवलं.

पुढे एक बाई कानांवर हात गच्च दाबून उभी होती. वारा बोचरा होता खरा.

मी हिला म्हणालो, "किती शांत आहे ना?"

ही माझ्याकडे बघतच राहिली. काही बोलायला तोंड उघडलं, मिटलं. मग डोळ्यांत पाणी आलं. तिलाही ते जाणवलं असणार. मी तिचा हात धरला आणि आम्ही खूप वेळ तसेच उभे होतो.

अंडी सोलून झाली. हाक मारते आहे, म्हणजे टोचते आहे.

गुरुवार, संध्याकाळी

वरचं दुपारचं पान पुन्हा वाचलं. फाडून टाकावंसं वाटलं. ठेवतो.

परतताना वाट अरुंद होती, म्हणून मी पुढे आणि ही मागे. माझी तंद्री लागली होती. सुरयांचं तेच चित्र डोळ्यांपुढे. शनिवारच्या डॉक्टरांचीही भीती वाटेनाशी झाली होती. अशा मनःस्थितीत किती चाललो कोण जाणे.

एका घळीपाशी खाली पाण्यातून एक डोकं वर आलं. सपाट, मिशाळ. खडकावर चढलं, अंग झटकलं. पाणमांजर! तोंडात मासा आडवा. दोन्ही पंजांत धरून डोक्याकडून खायला लागलं, अगदी चवीने. हिला पाणमांजर बघायचं होतं, लग्नाआधीपासून. मी श्वास रोखून, न वळता, हात मागे करून तिचा हात शोधला. मिळाला नाही. पुन्हा चाचपला. मग वळलो.

वाट रिकामी होती.

कड्याच्या कडेची वाट, खाली खडक, आणि ही नाही. मी कसा धावलो मला सांगता येणार नाही; गुडघ्याची आठवण झाली नाही आणि काठी कुठे टाकली तेही माहीत नाही. देवाचं नावसुद्धा आलं नाही तोंडात, नुसतं "अगं, अगं".

वळणापलीकडे ती बसलेली होती. एक बूट काढलेला, घोटा सुजलेला. आणि तिच्याजवळ तो मिशीवाला रखवालदार गुडघे टेकून बसलेला, धापा टाकत. तो टोकावरून, फाटकापासून धावत आला होता. तिच्या हाका त्याला तिथवर ऐकू गेल्या होत्या. मी तिच्यापुढे जेमतेम हाकेच्या अंतरावर होतो.

वाटेवर माझ्या दिशेने लहान लहान दगड पडलेले होते. तिने मला मारायला फेकलेले. एकही पोचला नव्हता.

रखवालदार माझ्याकडे बघून मिशीतून काहीतरी बोलला. चेहऱ्यावरून शिव्याच असाव्यात. हिने त्याचा हात धरून त्याला थांबवलं आणि काही सांगितलं. मी तसा दूर होतो. पण तिच्या ओठांवर मला स्पष्ट दिसलं. "त्यांना ऐकू येत नाही."

मी ते वाचलं. आत्ता 'वाचलं' लिहिलं आणि हात थांबला. मिशीत मला कळत नाही. फोनवर कळत नाही. पाठमोरी असली की कळत नाही. म्हणजे ही बोलते ते मी ऐकत नव्हतोच. किती दिवस झाले, मी तिला वाचतो आहे.

रखवालदाराच्या हातगाडीतून तिला खाली आणलं. गाडी मी ओढली. त्याने देऊ केली नव्हती, मी हिसकावून घेतली.

शुक्रवार

सकाळी प्रार्थना केली नाही.

हिचा पाय उशीवर, पट्टी बांधलेली. मी खिडकीकडे तोंड करून बसलो होतो. तिने उशीच फेकून मारली. उशी मात्र पोचली.

"बोला की काहीतरी!" ती मला समोर बसवून म्हणाली. "असे रुसून काय बसलाय?"

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"दोन वर्षं."

"आणि बोलली नाहीस."

"बोलले की! दोनदा. तुम्ही म्हणालात, माझे कान शाबूत आहेत, तूच पुटपुटतेस. मग त्या दिवशी मालक घरी आले, तुम्ही आंघोळीला गेला होतात तेव्हा. म्हणाले, वहिनी, बेअरिंग पार रस्त्यापर्यंत ओरडत होतं. कान तपासून आणा, नाहीतर मशीनवर उभं करायला मला भीती वाटते. हाताबिताचं काही झालं तर."

"म्हणजे शनिवारचा डॉक्टर..."

"तुमच्यासाठी. मला काय धाड भरली आहे?"

एवढं ऐकून खरं तर रडावं की नाचावं कळेना. हिला काही झालेलं नाही! पण माणूस कृतघ्न असतो. लगेच दुसरी सल वर आली. म्हटलं, "मला वाटत होतं देवाने शांतता दिली. ती दिलेली नव्हती. बेअरिंगसारखे कान गेले होते, आणि मी त्याला साधना म्हणत बसलो."

ती मग म्हणाली, "मला ते माहीत होतं. म्हणून तर जीभ रेटेना. काल त्या पक्ष्यांत सांगणार होते. ठरवूनच नेलं होतं तुम्हाला, की तिथे स्वतःलाच कळेल. आणि तुम्ही असं तोंड करून म्हणालात, किती शांत आहे ना! कसं मोडू मी ते?"

"पण मला शांतता हवी होती हे तुला कसं कळलं? मी कुणाला सांगितलेलं नाही."

आता ती माझी नजर चुकवायला लागली. पदराशी चाळा. मी हनुवटी धरून चेहरा वर केला. वाचायचं तर चेहरा दिसायला हवा.

"अहो," ती म्हणाली, "तुमची ती मनातल्या मनातली प्रार्थना... ती अख्ख्या घराला ऐकू येते. घरी तर खालच्या मजल्यावरच्यांनाही."

मला वाटलं जमीन दुभंगावी. काठी. गुडघा. शेजारच्या खोलीतल्यांचं ते प्रेमळ हसू. आणि कालचं, बायकोबद्दलचं! घरमालकीणबाईंनी काल मला चहात दोन चमचे साखर जास्त का घातली ते आता समजलं.

"म्हणजे काठी देवाने..."

"मीच मागून घेतली."

"गेल्या वर्षी तो लोकरीचा गळपट्टा? त्याआधी लेकीचा फोन, मला तिची आठवण येत होती तेव्हा?"

ती मान हलवत राहिली. हो, हो, हो.

"मग माझी एकही प्रार्थना देवापर्यंत गेलीच नाही म्हण."

"गेली की," ती म्हणाली. "वाटेत मी होते, एवढंच."

फेकलेली उशी उचलून मी तिच्या पायाखाली परत ठेवली. मग विचारलं, "ते सुरय. ते ओरडत होते का गं?"

"ओरडत? कानठळ्या बसत होत्या! माझं डोकं अजून दुखतंय."

"कसे ओरडतात?"

"आता मी काय सांगू, कसे ओरडतात."

"करून दाखव."

"वेड लागलंय का?" पण तिने दाराकडे पाहिलं, मला जवळ ओढलं, दोन्ही हातांची नळी करून माझ्या उजव्या कानाला लावली, आणि अशी काही किरकिरली, की टेबलावरची कपबशी हलली असेल. कीऽऽर्र, कीऽऽर्र! मला ऐकू आलं. फार लांबून, भिंतीपलीकडून यावं तसं, पण आलं. "अजून," म्हटलं. ती अजून ओरडली. दार धाडकन उघडलं आणि घरमालकीणबाई हातात झारा घेऊन आत. त्यांना वाटलं मी बायकोला मारतोय.

ही खाटेवर लोळून हसत होती. मी बाईंना म्हणालो, "पक्षी दाखवतेय."

शनिवार

डॉक्टर बाई आहेत, माझ्या लेकीपेक्षा थोड्या मोठ्या. गादीसारख्या भिंतींच्या एका खोलीत मला बसवलं, कानांवर झाकणं लावली आणि हातात एक बटण दिलं. आवाज आला की दाबा. मी वाट बघत बसलो. बराच वेळ झाला तरी तपासणी सुरू करेनात. काचेतून खूण करून विचारलं, कधी सुरू करणार? डॉक्टरांनी हिच्याकडे पाहिलं. तपासणी अर्धी झाली होती.

मशीनच्या आवाजाने झालंय. गेलं ते परत येत नाही, म्हणाल्या. उरलं आहे ते सांभाळायचं, आणि यंत्र लावायचं. आम्ही इथे आहोत तोवर वापरून बघायला त्यांनी एक जोडी दिली. कानामागे बसते, वालाच्या दाण्याएवढी.

त्यांनी ती चालू केली आणि टेबलावरचा एक कागद उचलला.

कागद! कागद आवाज करतो. कोरा, जाड, ताठ कागद, उचलताना आधी जरा कुरकुरतो आणि मग झुळझुळतो. ज्याच्यावर पोट भरलं त्याचा आवाज मी विसरून गेलो होतो, आणि विसरलो हेही मला माहीत नव्हतं. मी डॉक्टरांच्या हातातून तो घेतला आणि कानाशी हलवत राहिलो. हिने मला थांबवलं नाही.

परत आल्यावर मालकांना मीच फोन लावला. हिला दिला नाही. म्हटलं, "मालक, बेअरिंग ओरडत होतं. मला ऐकू आलं नाही. आता इलाज करतोय." ते म्हणाले, "या. मशीन तुमचीच वाट बघतंय, पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. बघू." परवापर्यंत त्या 'बघू'वर मी रात्र काढली असती. आज तो मला ऐकूच इतका छान आला, की अर्थ लावायचं राहून गेलं.

एक सांगायचं राहिलं. पाणमांजराचं हिला सांगितलं, पंजांत मासा धरून कसं खात होतं ते करून दाखवलं. ती फार हळहळली. घोटा उतरला की पुन्हा जायचं ठरलं आहे. या वेळी ती पुढे, मी मागे.

रविवार

पहाटे जाग आली, यंत्रं कानामागे लावली. समुद्र मला आधीही ऐकू यायचा, पण नुसता गडगडाट. लाट परत जाताना वाळूतून ती जी बारीक सुस्कारते, ते आज कळलं. पाखरं तर एवढी बडबडी असतील असं वाटलं नव्हतं. शांतता गेली ती गेलीच. थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू. पण मग मागे हिचा श्वास ऐकू आला. झोपेत ती अगदी हलकं घोरते. पूर्वी घोरायची का? विचारायची सोय नाही, मारेल.

खिडकीपाशी बसलो आणि प्रार्थना सुरू केली. पहिलाच शब्द उच्चारला आणि दचकलो. केवढा तो माझा आवाज! रस्त्यावर भाजी विकावी तसा. गुरुजी असते तर बाकावर उभं केलं असतं. लाज वाटून आवाज खाली आणला, आणखी खाली, शेवटी मला स्वतःलाही जेमतेम ऐकू येईल एवढा. आणि मग हिच्याबद्दल जे म्हणायचं होतं ते म्हटलं. काय ते इथे लिहीत नाही.

मागे खाट करकरली. तोही आवाज मला आला.

"अहो," ही झोपेतल्या आवाजात म्हणाली, "जरा मोठ्याने. काही ऐकू आलं नाही."